काम न करणाऱ्यांनी घातलेला बांध

राज्य श्रीमंत झाल्याची बातमी सर्वांत शेवटी त्या राज्यात राहणाऱ्या माणसांना कळते. यात कोणाचा दोष नाही. श्रीमंती आधी आकड्यांत येते, मग अहवालात, मग भाषणात, आणि गावात पोचेपर्यंत तिची संध्याकाळची शेवटची बस चुकलेली असते. आमच्या माणगाळला ही बातमी तीन वर्षांपूर्वी कळली, तीसुद्धा एक तरुण अधिकारी घरोघर येऊन सांगून गेला म्हणून.

माणगाळ पेडणे तालुक्यात, इब्रामपूरच्याही आत. वर सड्याचा खडकाळ माळ, खाली व्हाळाचा ओढा, आणि काठाने भाताची खाचरे, म्हणजे कुणगे. लोकसंख्या दोनशे बारा (गवे सोडून).

माझे वय आता अठ्ठ्याहत्तर. एवढ्या वर्षांत मी मोजायला येणाऱ्यांच्या चार पिढ्या पाहिल्या. मी परकर नेसत होते तेव्हा पोर्तुगेजांचा रेजिदोर, म्हणजे गावचा सरकारी कारभारी, यायचा आणि माड मोजायचा. माड पळून जात नसल्यामुळे त्याचे काम चोख असे. मुक्तीनंतरच्यांनी माणसे मोजली, त्यांतल्या किती जणांना लिहिता येत नाही ते पाहिले आणि मोठी झाल्यावर मला शाळेत नोकरी दिली. डिचोलीकडे खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रक मोजत. माझी बहीण मुळगावला दिलेली. ती दर चतुर्थीला आज किती ट्रक गेले ते अभिमानाने सांगे आणि सांगता सांगता मोदकांवरची तांबडी धूळ फुंकून टाकी. खाणी थांबल्यावर पर्यटक मोजू लागले. आमच्याकडे चुकून आलेले दोघे तेव्हा चार वेळा मोजले गेले. या सगळ्यांनी काही ना काही मोजले, पण माणसाचे फळ मोजावे हे कोणाला सुचले नव्हते. ते पाचव्या पिढीला सुचले.

या पिढीचा प्रतिनिधी म्हणजे गौरेश. राज्याच्या श्रमफल मापन कक्षातला, डिचोलीचा, अत्यंत सभ्य मुलगा. चप्पल अंगणातच काढली, मला वाकून नमस्कार केला आणि मग मांडीवर टॅब ठेवून मला अर्थशास्त्र समजावले. गावात जेवढे उत्पादन होते त्याला काम करणाऱ्यांच्या संख्येने भागायचे. येईल तो आकडा म्हणजे गावाचे श्रमफल. ज्या गावाचा आकडा मोठा ते गाव पुढारलेले. चौथीचे गणित. मी ते छत्तीस वर्षे शिकवले, पण त्याने राज्य पुढे जाते हे मला कोणी सांगितले नव्हते.

पहिल्या मोजणीत माणगाळचे श्रमफल एक पूर्णांक एक आले आणि आम्ही तालुक्यात शेवटून तिसरे ठरलो. तेरेखोल आमच्या कितीतरी वर होते. आमचे पंच शंभूबाब यांना हे फार लागले. तेरेखोलला किल्ला आहे हे खरे, पण किल्ला काही काम करत नाही. त्यांनी चौकशी केली. तेव्हा असे कळले की मोजणीच्या दिवशी तेरेखोलची बहुतेक माणसे फेरीने पलीकडे लग्नाला गेली होती. काम करणारे मोजायला सापडलेच नाहीत, त्यामुळे जे थोडे सापडले त्यांच्या वाट्याला सगळ्या गावाचे उत्पादन आले.

शंभू माझा विद्यार्थी. चौथीत भागाकारात दोनदा नापास झाला होता, त्यामुळेच भागाकार त्याच्या मनात घर करून राहिला असावा. ग्रामसभेत उभा राहून तो म्हणाला, "वरचो आकडो वाढवूक आपल्या बापाशीक जमाचा नाय. खालचो कमी करूया."

राज्याच्या आर्थिक धोरणाचा इतका स्वच्छ सारांश मी दुसरीकडे वाचलेला नाही.

शिवाय बक्षीस होते. पहिल्या येणाऱ्या गावाला वेशीवर विजेच्या दिव्यांची कमान मिळणार होती, तीवर 'प्रथम श्रमफल ग्राम' अशी अक्षरे. आमच्या वेशीवर तोवर फक्त एक वाकलेला पत्र्याचा फलक होता आणि त्यावर पानपट्टीवाल्याचे नाव गावापेक्षा मोठे होते.

खालचा आकडा कमी करण्याची सोय कक्षाने आधीच करून ठेवली होती. तिचे नाव नमुना सात. 'मी स्वखुशीने जाहीर करतो/करते की मी काम करत नाही.' खाली सही. काम करणारे मोजणीपूर्वी एकशे अठरा होते. साठीच्या वरचे सगळे गेले; त्यांनी आयुष्यभर केले ते पुरे. बायका गेल्या, कारण त्या जे करतात ते घरचे असते. पोदेर रोज सकाळी पाव आणि काकणां घेऊन येतो, पण त्याची भट्टी दुसऱ्या गावात, त्यामुळे तो भट्टीकडे राहिला. दोन शिक्षक गेले (शिक्षण हा खर्च आहे, उत्पादन नव्हे). आमच्याकडे भाड्याने राहणारा विनायक आणि त्याचे आठ जोडीदार जवळच्या कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना झाकणे बसवतात. ती झाकणे गोव्याच्या उत्पादनात धरली होती. पण हे नऊ जण ठेकेदाराचे, आणि त्यांची कार्डे कोल्हापूर जिल्ह्याची, म्हणून माणसे तिकडच्या रकान्यात. माल इथला, माणूस तिथला. ही व्यवस्था मला इतकी आवडली की मी गौरेशकडून ती दोनदा समजून घेतली.

विनायकाला सांगितले तेव्हा तो दारात डबा घासत होता. "म्हंजे आमी हितं न्हाईच व्हय, बाई?" त्याने विचारले. नाही, असे मी म्हटले. "मग भाडं कोण देतंय म्हणायचं?" या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

अशा रीतीने एकशे अठराचे चौऱ्याहत्तर झाले, चौऱ्याहत्तराचे नऊ, आणि शेवटी एक. शून्य करण्याचा शंभूबाबांचा विचार होता, पण शून्याने भागल्यावर टॅब बंद पडतो असे दिसून आले. तेव्हा एक माणूस ठेवणे भाग होते, आणि तो प्रवीण ठरला. प्रवीण हा शंभूबाबांचा पुतण्या. तो सड्यावरच्या जागा बाहेरच्या लोकांना दाखवतो. विमानतळ झाल्यापासून सड्याला फार मागणी आहे. मागच्या वर्षी त्याने चार जागांचे व्यवहार जुळवून दिले, आणि त्यात त्याचा प्रत्यक्ष कामाचा वेळ, बोट दाखवणे धरून, एक तास दहा मिनिटे भरला. एवढ्या वेळात एवढे फळ देणारा माणूस आमच्या गावात पूर्वी झालेला नाही. माझ्या काळात लोक वर्षभर राबत आणि वर्षाखेरीस भात तेवढे दाखवीत.

आता गंगेविषयी सांगायला हवे, कारण पुढे जे झाले ते तिच्या कुणग्यापायी झाले.

गंगा माझी शेजारीण. वय सदुसष्ट, नवरा जाऊन वीस वर्षे झाली. सकाळी पाचला उठून ती गोठा झाडते, दोन गाईंचे दूध काढून डेअरीला घालते, माडांना आळी करते, चढून मिरी काढते, पावसाआधी झावळ्यांची चुडते विणते, आमसुले वाळवते आणि मधल्या वेळेत मला मासळी आणून देते. नमुना सातवर तिने यातले काहीच करत नसल्याचे लिहून दिले. सही सुवाच्य आहे, मीच शिकवली. (दूध मात्र उत्पादनात घेतले. ते गाईंचे म्हणून.) अशी सही का केलीस, म्हणून विचारले तेव्हा ती म्हणाली की सगळी करत होती.

तिचा एक कुणगा व्हाळाच्या अगदी खालच्या टोकाला आहे. त्यात ती वायंगण करते, म्हणजे पावसाळी भात कापून झाल्यावर व्हाळाच्या पाण्यावर घेतात ते दुसरे पीक. त्यासाठी व्हाळ अडवावा लागतो. तुळशीचे लग्न झाले की घरटी एक माणूस निघे, खांब पुरून टाळे, म्हणजे पानांच्या फांद्या, घालीत, पेंढा आणि चिखल थापीत, दोन दिवसांत बांध उभा राही. कोणी कोणाला मजुरी देत नसे. बांध घालून झाला की शेवटचा चिखलाचा गोळा गावातल्या सर्वांत वडील बाईने थापायचा आणि मग सगळ्यांनी व्हाळाच्या काठी बसून पेज आणि खटखटे, म्हणजे मिसळीची भाजी, खायचे. एकोणीसशे अठ्ठावन्न साली माझ्या आजीने तो गोळा थापल्याचे मला आठवते. भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, कारकूनसुद्धा त्या दिवशी धोतर खोचून चिखलात उतरला होता. त्याला काम येत नव्हते, पण न येण्याची त्याला लाज वाटत होती. तशी लाज नंतर पाहायला मिळाली नाही.

तर गंगेची अडचण अशी होती. ज्या जमिनीत सलग तीन हंगाम वायंगण पिकले नाही ती 'अफलित' म्हणून नोंदायची आणि फलित वापरासाठी मोकळी करायची, असा कक्षाचा नियम. गंगेचे एक वायंगण पाय मोडल्यामुळे राहिले. दुसरे उभे पीक गव्यांनी खाल्ले (गव्यांचे श्रमफल मोजण्याची अजून तरतूद नाही). हे तिसरे वर्ष होते. आणि फलित वापर कोणता ते गावात सर्वांना ठाऊक होते. सड्यावर जे बंगले व्हायचे होते त्यांची वाट गंगेच्या कुणग्यातून जाणार होती. प्रवीणने बोट दाखवून ठेवले होते.

नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या मोजणीचा पंधरवडा लागला. शंभूबाबांनी देवळाच्या खांबावर सूचना लावली की या काळात कोणीही उघड्यावर काम करताना दिसू नये. करायचेच असेल तर घरात, दार लावून करावे. व्हाळाला दार नाही. बांध यंदा रद्द झाला.

गंगेचा तरवा, म्हणजे भाताची रोपे, तयार होता. पेरून बावीस दिवस झाले होते. आणखी आठवडाभरात लावला नाही तर तो गाईंना घालावा लागला असता. ती माझ्याकडे आली आणि ओसरीवर बसली. मग म्हणाली, "बाई, माका एकटीक बांध घालूक येवचो नाय. तीस हात होये."

मी चष्मा लावून नमुना सातची मागची बाजू वाचली. ती कोणीच वाचली नव्हती. माझ्याच हाताखाली लिहायला-वाचायला शिकलेले गाव, त्यामुळे दोष कोणाला देणार? कलम चार असे होते: 'स्वयंघोषित अकामकरी व्यक्तीची कोणतीही कृती काम समजली जाणार नाही.'

गौरेश तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर बसून गावात कोणी काम करते का ते पाहत होता. मी त्याला घरी बोलावून चहा दिला. चहा कोणी केला ते टॅबवर भरावे लागते, म्हणून त्याने विचारले. मी केला, असे सांगितल्यावर त्याने 'कोणी नाही' असे भरले आणि चहा प्यायला. मग मी त्याच्यापुढे कलम चार ठेवले. नमुना सात भरून दिलेल्या माणसांनी व्हाळात बांध घातला तर ते काम होईल का? त्याने दोनदा वाचले, कक्षाला फोन लावला, बराच वेळ हो-हो म्हणत राहिला आणि मला म्हणाला, "नाही बाई. ते श्रम होत नाहीत. त्याला हालचाल म्हणतात."

हालचालीला कोणाची हरकत नव्हती. शंभूबाबांनीही आकड्याला धक्का बसणार नाही याची लेखी खात्री करून घेतली आणि मग होकार दिला.

शनिवारी सकाळी माणगाळचे पस्तीस अकामकरी व्हाळात उतरले. त्यांत एकोणतीस बायका, आणि उरलेले साठीच्या वरचे पुरुष. मी टाळे उचलून देत होते. शंभूबाबांची आई जानकी, वय एक्याऐंशी, काठावर बसून सर्वांच्या चुका काढत होती, ही तिची हालचाल. गौरेश एका दगडावर बसून नोंद घेत होता. त्याच्या समोर दिवसभर खांब ठोकले गेले, चिखल तुडवला गेला, टोपल्या फिरल्या, आणि त्याच्या टॅबवर 'काम: निरंक' असे राहिले. दुपारी त्यालाही कोणी टोपली दिली असती तर त्याने घेतली असती, असे मला त्याच्या हातांकडे पाहून वाटले. पण तो पगारी होता. त्याला ही सवलत लागू नव्हती.

रविवारी विनायक आणि त्याचे जोडीदार सुट्टी म्हणून आले. ते इथे नव्हतेच, त्यामुळे विचारण्याचा प्रश्न आला नाही. "न्हाई तर न्हाई, माती तरी टाकू," म्हणून विनायक खाली उतरला. निम्मी माती त्या नऊ जणांनी टाकली. संध्याकाळी पाणी अडले, वळले आणि पाटातून गंगेच्या कुणग्यात शिरले. जानकीने शेवटचा गोळा थापला. मंगळवारपर्यंत लावणी झाली.

मोजणीचा निकाल लागला. माणगाळचे श्रमफल दोनशे सहा. राज्यात पहिले. नुसते पहिले नव्हे, तर दुसऱ्या गावाच्या अकरा पट. वर्तमानपत्रात शंभूबाबांचा आणि प्रवीणचा फोटो आला, खाली 'गाव असावे तर असे'. दोन तालुक्यांचे पंच आमच्याकडे अभ्यासाला आले. त्यांना पाहण्यासारखे काही हवे होते म्हणून प्रवीणने त्यांना सडा दाखवला. बेळगावकडचे गवंडी आले आणि वेशीवर कमानीचे दोन खांब उभे राहिले. हे गवंडीही अर्थात इथे नव्हते.

फेब्रुवारीत गौरेश जमिनींच्या नोंदीसाठी पुन्हा आला. गंगेच्या कुणग्यात कमरेएवढे भात होते, नुकते निसवलेले. त्याने बांधावर उभे राहून टॅब उघडला. टॅबवर प्रश्न होता: पीक कोणी घेतले? गंगा अकामकरी. लावणीला वाकलेल्या सगळ्या अकामकरी. प्रवीणने घेतले असे लिहायला प्रवीणची तयारी होती, पण तो त्या काळात बेंगळुरूला पाहुण्यांना जागा समजावून सांगत होता. ज्याला कोणाचा हात लागला नाही ते पीक होत नाही. गौरेशने यादी खाली-वर केली आणि जे लागू पडत होते ते भरले: 'नैसर्गिक वनस्पती'.

आठवड्याने गंगेला नोटीस आली. तिसऱ्या हंगामातही पीक नाही, जमीन अफलित, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. नोटीस तिने कुणग्याच्या बांधावर उभे राहून माझ्याकडून वाचून घेतली. भाताच्या लोंब्या तिच्या कोपराला लागत होत्या.

मी गौरेशला विचारले की गंगेने आपण काम केले असे लिहून दिले तर? तो मनाने चांगला मुलगा. त्याने लगेच हिशेब मांडून पाहिला. एवढ्या बांधाला शासकीय दराप्रमाणे सत्तर माणूस-दिवस लागतात. एकट्या बाईने ते दोन दिवसांत केल्याचे यंत्र मान्य करत नाही. नऊ कोल्हापूरकर धरता येत नाहीत. म्हणजे जे पस्तीस जण दोन दिवस व्हाळात होते त्या सगळ्यांनी आपापले नमुना सात मागे घेऊन 'आम्ही काम केले' असे लिहून द्यायला हवे. चौतीस चालणार नाहीत. आणि तसे झाले, हे सांगताना त्याने चष्मा पुसला, तर गावाचा खालचा आकडा एकाचा छत्तीस होईल.

शंभूबाब त्याच संध्याकाळी गंगेकडे गेले. मी तिथेच होते. ते नम्रपणे बोलले. राज्यात पहिले येणे म्हणजे काय, खांब उभे राहिले आहेत, दिवे येऊन पडले आहेत, एका कुणग्यापायी सगळ्या गावाची कमान जाईल, असे त्यांनी समजावले. गंगा मिरी निवडत होती. निवडत राहिली.

"शंभू, माझो कुणगो गेलो तर तुझ्या त्या कमानीसून मी जावचंय खंय?"

कमानीतून कुठे जायचे हे योजनेत दिलेले नाही.

पहिली सही गंगेने केली. दुसरी मी केली. छत्तीस वर्षे शिकवून आणि वीस वर्षे निवृत्तिवेतन घेऊन, आपण काम केले असे लिहून देण्याची माझ्यावर पहिल्यांदा वेळ आली. बाकीच्यांच्या सह्यांना वाटले होते त्याहून जास्त वेळ लागला. काहींना कमानीचे वाईट वाटत होते. काहींना 'काम करते' असे लिहून देणे कमीपणाचे वाटत होते. सून काय म्हणेल? एका बाईने तर विचारले की काम केले असे लिहिले तर पुढच्या वर्षीही करावे लागेल का. तरी चौदाव्या दिवसापर्यंत चौतीस सह्या झाल्या. विनायकही येऊन गेला. सही करायला नव्हे, नुसता कागद पाहून म्हणाला, "आमचं नाव असतं तर बरं झालं असतं. गावाकडं दाखवलं असतं."

राहिली होती ती पस्तिसावी, जानकी. तिचा नमुना सात शंभूबाबांनीच भरला होता, आणि आई आजारी आहे, भेटू शकत नाही, असे ते चार दिवस सांगत होते. पंधराव्या दिवशी सकाळी गंगा आणि मी कागद घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. जानकी आजारी होती हे खरे नव्हते. ती चुलीपुढे बसून मुलासाठी भाकऱ्या थापत होती. तिला कागद वाचता येत नाही, म्हणून मी दोन्ही वाचून दाखवले, आधी मुलाने भरलेला आणि मग आमचा. तिने तव्यावरची भाकरी उलटली, पूर्ण भाजू दिली, उतरवली आणि मग दारात उभ्या असलेल्या शंभूबाबांकडे पाहिले.

"अठ्ठेचाळीस वर्सां माझ्या हातचा जेवलंस," ती म्हणाली, "आणि आवशीक काम नाय म्हणान तू लिवन दिलंस?"

जानकीने चुलीतल्या काजळीत अंगठा बुडवला आणि कागदावर उठवला. मग उरलेल्या पिठाची परात मुलाकडे सरकवली आणि त्याला म्हणाली की आजपासून भाकरी हवी तर आधी लिहून मागायची. आम्ही अंगणातून बाहेर पडलो तेव्हा शंभूबाब चुलीपुढे पीठ मळत होते असे मी पाहिले. ती हालचाल होती की काम, ते मी ठरवले नाही.

हरकत मान्य झाली. गंगेच्या कुणग्यातली नैसर्गिक वनस्पती त्याच दिवसापासून भात झाली. एप्रिलमध्ये ते कापले, झोडले, आणि त्याचे उकडे तांदूळ मी अजून खाते.

माणगाळचे श्रमफल पाच पूर्णांक सातवर आले. पूर्वीच्या एक पूर्णांक एकपेक्षा ते चांगले पाचपट आहे, पण एव्हाना बाकीच्या सर्व गावांनीही नमुना सातचा अभ्यास केला होता, आणि राज्यात बऱ्याच ठिकाणी काम करणारे कोणी उरलेच नव्हते. त्यामुळे आम्ही शेवटचे आलो. दिवे परत गेले. खांब गवंड्यांना नेता आले नाहीत. त्यांतल्या एकावर गंगेने दुधी चढवला आहे. गौरेशची बदली झाली. जाताना तो गंगेकडे तांदूळ मागायला आला, आणि पिशवी हातात घेतल्यावर, हे कोणी पिकवले, असे न विचारता गेला.

गोष्ट इथे संपायची. पण कक्षाने आपल्या संकेतस्थळावर 'अल्पफल गावांची यादी' टाकली. यादीत सर्वांत खाली माणगाळ, आणि संपर्कासाठी हरकतदार क्रमांक एक म्हणून गंगेचा मोबाइल. तेव्हापासून फोन येतात. पुण्याहून, दादरहून, नाशिकहून, एखादा अमेरिकेहूनही. सगळी सुशिक्षित, मराठी पुस्तके वाचणारी, गोव्यावर मनापासून प्रेम करणारी माणसे. त्यांनी यादीचा शोध खालून सुरू केलेला असतो. जिथे काहीच होत नाही अशी छोटीशी जागा त्यांना हवी असते, नदी किंवा ओढा दिसेल अशी, शेजार शांत. निवृत्तीनंतर तिथे येऊन काही करायचे नाही, असे ती आवर्जून सांगतात.

गंगा सगळे ऐकून घेते. ओढा आहे, असे सांगते. शेजार शांत आहे, असेही सांगते. मग विचारते की काही न करणाऱ्यांचा बांध तुळशीच्या लग्नानंतरच्या शनिवारी असतो, यंदा चार हात कमी पडत आहेत, येता का, पेज आणि खटखटे गाव देते. इथपर्यंत आल्यावर प्रत्येकाची रेंज जाते. आतापर्यंत एकशे सदतीस फोन झाले, आणि एकशे सदतीस वेळा रेंज गेली. आमच्याकडे नेटवर्क इतके वाईट नाही.

फोन कापताना पलीकडचा माणूस हळूच कोणाला तरी सांगत असतो ते गंगेला ऐकू येते. जवळजवळ सगळे एकच वाक्य बोलतात: या गोव्याच्या लोकांना काम करायला नको. आवाज चांगले असतात, शुद्ध. तुमच्याशी कधी बोलणे झाले नाही, म्हणून तुमचा त्यांत होता की नाही ते मी सांगू शकत नाही; गंगा मात्र आवाज विसरत नाही.